ब्लँकमध्ये स्पॉट आला तेव्हा

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कॉन्ट्रॅक्ट रिसर्च लॅबमध्ये ऑरगॅनिक सिंथेसिस करते, एमएस्सी करून तीन वर्षं झाली. राहते कळव्याला, म्हणजे सकाळी एक स्टेशन ठाणे आणि तिथून ट्रान्स हार्बर पकडायची. हे सगळं लिहायचं कारण म्हणजे मागच्या पावसाळ्यात पॅलेडियम ह्या धातूच्या नॅनोपार्टिकल्सवर, म्हणजे अतिसूक्ष्म कणांवर, मी चार महिने काम केलं, आणि त्यातले जवळजवळ सहा आठवडे फक्त एका प्रश्नात गेले, तो म्हणजे रिअॅक्शन मी टाकलेल्या कॅटॅलिस्टमुळे (म्हणजे रिअॅक्शन घडवून आणणाऱ्या पदार्थामुळे) होतेय की दुसऱ्याच कशामुळे. नवीन लागलेल्या मुलामुलींना हे कोणी आधी सांगत नाही, मलाही नव्हतं सांगितलं.

सुरुवात अशी झाली. आमच्याकडे एका इंटरमिजिएटमध्ये, म्हणजे औषध बनायच्या वाटेवरच्या मधल्या रेणूत, सुझुकी कपलिंगची स्टेप आहे, म्हणजे एक ब्रोमाइड आणि एक बोरोनिक अॅसिड जोडायचं, मध्ये पॅलेडियम. ज्या सुझुकींच्या नावानं ही ओळखली जाते त्यांना हेक आणि नेगिशींबरोबर २०१० चं नोबेल मिळालं, आणि औषधांच्या लाईनमध्ये काम करणाऱ्याला ही रिअॅक्शन आठवड्यातून एकदा तरी भेटतेच. आम्ही टेट्राकिस, म्हणजे फॉस्फिन बांधलेलं पॅलेडियम, वापरायचो, ते पिवळंधमक पावडर, फ्रीजमध्ये नायट्रोजनखाली ठेवायचं, आणि तरी पावसाळ्यात दोनचार वेळा बाटली उघडली की हिरवट तपकिरी पडायला लागतं. शिवाय वर्कअपनंतर, म्हणजे रिअॅक्शन संपवून प्रॉडक्ट वेगळं काढल्यावर, त्या फॉस्फिनचं ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड राहतं ते शुद्धीकरणाच्या कॉलममध्ये प्रॉडक्टच्या मागोमाग येतं आणि डोकं उठवतं. तर सर म्हणाले, "अगं, फॉस्फिनच नको, पाण्या-इथेनॉलमध्ये पॅलेडियमचे नॅनोपार्टिकल्स बनव आणि त्यावर करून बघ, पॅलेडियमही कमी लागेल." मला एकदम आवडलं ते, कारण एमएस्सीला नॅनोपार्टिकल्स फक्त वाचले होते, हातानं कधी बनवले नव्हते.

बनवायला खरं तर अवघड काही नाही. पॅलेडियम क्लोराइड म्हणजे गडद तपकिरी पावडर, नुसत्या पाण्यात विरघळत नाही, बसून राहते खाली. ०.२ मोलर हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये जरा कोमट करून ढवळत राहिलं की हळूहळू नारिंगी द्रावण होतं. मी १०६ मिलिग्रॅम घेतलं, ६ मिली अॅसिड, मग पाण्यानं ३०० मिली केलं, म्हणजे २ मिलिमोलर. त्यातलं १५ मिली, वर पाणी आणि इथेनॉल मिळून ३५ मिली, आणि ३३ मिलिग्रॅम पीव्हीपी. हे पीव्हीपी पॉलिमर आहे, ते कणांना गुंडाळून धरतं म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. पावसाळ्यात एक त्रास म्हणजे पीव्हीपी हवेतलं पाणी खेचतं, वजन करताना काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत वर चढत जातो, त्यामुळे डेसिकेटरमधून काढून पटकन वजन करायचं आणि झाकण लावायचं.

मग तीन तास रिफ्लक्स, म्हणजे वाफ गार होऊन परत फ्लास्कमध्येच पडेल असं उकळत ठेवायचं. इथेनॉलच पॅलेडियमला इलेक्ट्रॉन देतं आणि स्वतः अॅसिटाल्डिहाइड होतं, वेगळा रिड्युसिंग एजंट लागत नाही. मी स्टूल घेऊन वाफा खेचणाऱ्या हूडसमोर बसले होते, पहिला थोडा वेळ काहीच नाही, फिकट पिवळंच, मग कडेनं जरा मळल्यासारखं झालं, आणि त्यानंतर बघता बघता सगळा फ्लास्क कोऱ्या चहासारखा गडद. खाली गाळ नाही, काचेवर आरसा नाही, उजेडासमोर धरलं तर स्वच्छ. द्रावण कोणता प्रकाश शोषतं ते बघायला यूव्हीच्या यंत्राला टाकलं तर सुरुवातीच्या द्रावणाचे पीक गेले होते आणि नुसती चढत जाणारी सपाट रेघ. इतका आनंद झाला मला की आईला फोन करून सांगितलं, तिला त्यातलं काही कळलं नाही पण ती खूश झाली.

टीईएमसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कण बघायला, सॅम्पल पवईला आयआयटीच्या सैफ ह्या उपकरण केंद्रात दिलं, ऐरोली पूल ओलांडून पुढे कांजूरमार्गवरून. फोटो आला तेव्हा काळे बारीक ठिपके, बहुतेक ३ ते ४ नॅनोमीटरचे. ३ नॅनोमीटरच्या कणात पॅलेडियमचे साधारण हजारभर अणू असतात आणि त्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा भाग पृष्ठभागावर असतो, म्हणजे कामाला लागू शकतो. पॅलेडियमचा मोठा तुकडा घेतला तर आतले कोट्यवधी अणू नुसते बसून राहतात, त्यांचे पैसे फुकट. ह्यासाठीच एवढा खटाटोप.

रिअॅक्शन लावताना पहिली चूक मी केली ती मॉडेल, म्हणजे चाचणीसाठीची सोपी रिअॅक्शन, निवडण्यात. ब्रोमोबेंझिन आणि फिनाइलबोरोनिक अॅसिड घेतलं, दोन्ही कपाटात होतं म्हणून. बायफिनाइल आलं, छान पांढरं, मेल्टिंग पॉइंट ७० च्या आसपास बरोबर. मी रिपोर्ट लिहून सरांकडे नेला तर ते दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, "हे बायफिनाइल कुठनं आलं ते तुला कसं कळणार?" तेव्हा ट्यूब पेटली. बोरोनिक अॅसिडचे दोन रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं पॅलेडियमवर एकमेकांना जोडले जातात, त्याला होमोकपलिंग म्हणतात, आणि त्यातूनही बायफिनाइलच येतं! दोन्ही वाटांनी तेच प्रॉडक्ट, मग मोजणार काय. म्हणून ४-ब्रोमोअॅनिसोलवर आले, आता खरं प्रॉडक्ट ४-मेथॉक्सीबायफिनाइल आणि साइडचं बायफिनाइल, टीएलसीवर, म्हणजे मिश्रणातला प्रत्येक पदार्थ प्लेटवर वेगळा स्पॉट म्हणून दाखवणाऱ्या टेस्टवर, वेगळे दिसतात, जीसी ह्या मोजमापाच्या यंत्रावर तर स्पष्टच. मला वाटतं मॉडेल रिअॅक्शन निवडताना हा विचार शंभरातले नव्वद जण करत नाहीत, पेपरमध्येसुद्धा तेच ब्रोमोबेंझिन सर्रास दिसतं.

१ मिलिमोल ब्रोमाइड, १.२ बोरोनिक अॅसिड, २ पोटॅशियम कार्बोनेट, इथेनॉल-पाणी, ८० डिग्री, आणि माझं कोऱ्या चहाचं द्रावण साधारण १.७ मिली, म्हणजे ०.१ मोल टक्के पॅलेडियम, ब्रोमाइडच्या हजार रेणूंमागे पॅलेडियमचा एक अणू. दोन तासांनी टीएलसी, २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली ब्रोमाइडचा स्पॉट फिकट असतो पण प्रॉडक्टचा एकदम काळाभोर. १६९ मिलिग्रॅम निघालं, म्हणजे ९२ टक्के. परत केलं, परत ९१. मग मी पुढे पळत सुटले, वेगवेगळे ब्रोमाइड, वेगवेगळे बेस, कॅटॅलिस्ट पुन्हा वापरायचे प्रयोग. पुनर्वापराचं फार जमलं नाही, दुसऱ्या वेळेला ८५, तिसऱ्याला ६०, आणि तोपर्यंत फ्लास्कच्या तळाशी काळं पावडर बसलेलं, कडेला चंदेरी पट्टा. कण एकमेकांना चिकटून पॅलेडियम ब्लॅक झालं होतं, पीव्हीपीचं वेष्टन गरम पाण्यात आणि बेसमध्ये किती तग धरणार. तेवीस रिअॅक्शन वहीत होत्या आणि मी ऑगस्टच्या मीटिंगसाठी स्लाइड बनवत होते.

त्या मीटिंगमध्ये सरांनी एकच विचारलं, "ब्लँक केलास?"

केला नव्हता. सगळं टाकायचं, फक्त पॅलेडियम टाकायचं नाही, एवढंच तर करायचं असतं, अर्ध्या दिवसाचं काम, पण ९२ टक्के येतायत म्हटल्यावर मला त्याची गरजच वाटली नव्हती. मी त्याच संध्याकाळी लावला आणि रात्रभर ठेवून घरी गेले. सकाळी पावसामुळे ठाण्याला गाड्या लेट, साडेदहाला पोचले, टीएलसी मारली, दिव्याखाली धरली, आणि प्रॉडक्टच्या जागी तोच काळाभोर स्पॉट. मी प्लेट उलटी धरलीय का, लेनची अदलाबदल झालीय का, सगळं बघितलं. को-स्पॉट केला, म्हणजे खऱ्या प्रॉडक्टच्या थेंबावरच हा थेंब ठेवून बघितला, तोच. जीसीला ३० टक्क्यांच्या वर कन्व्हर्जन, पॅलेडियम न टाकता. पोटात गोळा आला माझ्या, खरंच. कारण आता वहीतल्या तेवीसच्या तेवीस आकड्यांना अर्थ उरला नव्हता, त्यातलं माझ्या कणांचं किती आणि बाहेरचं किती कोणाला माहीत.

सर ओरडले नाहीत. त्यांनी मला लेडबीटरची गोष्ट सांगितली, ती मी नंतर वाचून काढली आणि आता प्रत्येक नवीन माणसाला सांगते. निकोलस लेडबीटर आणि त्यांच्या टीमनं २००३ मध्ये दाखवलं होतं की पाण्यात मायक्रोवेव्ह वापरून कुठल्याही मेटलशिवाय सुझुकी होते. खूप गाजलं ते. मग त्यांनीच परत खोदलं आणि २००५ मध्ये स्वतःच लिहिलं की ज्या सोडियम कार्बोनेटची बाटली वापरली त्यात ५० पीपीबीच्या आसपास पॅलेडियम होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. पीपीबी म्हणजे शंभर कोटींत एक! साध्या सोड्यात. आपलंच गाजलेलं काम आपणच तपासून छापायला काय लागत असेल, मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. आणि एवढं होऊनसुद्धा २०२१ मध्ये नेचर कॅटॅलिसिस ह्या जर्नलमध्ये पॅलेडियमशिवाय अमाइनवर सुझुकी होते असा पेपर आला आणि त्याच वर्षी मागे घ्यावा लागला, कारण ते अमाइन बनवतानाच वापरलेलं पॅलेडियम त्यात अडकून राहिलं होतं.

तर मी शोधायला लागले. पहिला संशय अर्थातच कार्बोनेटवर. नवीन बाटली उघडली, हाय प्युरिटीची, तरी स्पॉट. पाणी बदललं, तरी स्पॉट. बोरोनिक अॅसिड रिक्रिस्टलाइज केलं, इथेनॉल नवीन, तरी स्पॉट, कमीजास्त पण आहेच. मग काच. आरबी, म्हणजे गोल बुडाचे फ्लास्क, अॅक्वा रेजियानं धुतले, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक, हूडमध्येच, ताजं बनवून, आणि झाकण न लावता, कारण त्यातून गॅस येत राहतो आणि बंद बाटली फुटते. धुतलेल्या काचेत ब्लँक लावला, थोडा कमी आला पण आला. दोन आठवडे गेले ह्यात आणि मला रात्री झोपेत टीएलसी दिसायला लागल्या.

उत्तर मिळालं ते मावशींकडून. आमच्याकडे ग्लासवेअर धुवायला मावशी आहेत, त्या एक दिवस मला म्हणाल्या, "ताई, ह्या नीडल मी वेगळ्या काढून ठेवल्यात, किती घासलं तरी काळं जात नाही त्यांचं, टाकू का?" स्टीलच्या वाटीत सातआठ मॅग्नेटिक नीडल होत्या. नीडल म्हणजे स्टिररवर फ्लास्कच्या आत फिरतो तो टेफ्लॉन लावलेला लोहचुंबकाचा तुकडा, कोणी त्याला बीड म्हणतं. रोज हातात असते, कधी निरखून बघितली नव्हती. मी एक उचलून खिडकीशी नेली. टोकं करडी झालेली, मध्ये जी कडा असते तिच्या खाचेत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ. लॅबमधल्या भिंगाखाली धरली तर टेफ्लॉनवर सगळीकडे ओरखडे, वर्षानुवर्षं काचेच्या तळाशी घासून पडलेले, आणि प्रत्येक ओरखड्याच्या पोटात काळं भरलेलं. कोणत्या कोणत्या रिअॅक्शनमधलं पॅलेडियम असेल ते, माझं, माझ्या आधीच्यांचं, टेट्राकिसचं, पॅलेडियम ऑन कार्बनचं. आम्ही फ्लास्क धुतो, रिएजंट तपासतो, आणि जी वस्तू पूर्ण वेळ रिअॅक्शनच्या आत बुडून फिरत असते ती वाटीतून हाताला येईल ती उचलतो.

त्याच दुपारी दोन फ्लास्क शेजारी शेजारी लावले. दोन्हीत सगळं एकाच मोठ्या द्रावणातून वाटून घेतलेलं, पॅलेडियम नाही, एकात वाटीतली काळी नीडल आणि एकात पाकिटातून फोडलेली नवी कोरी. सात वाजेपर्यंत थांबले. काळ्या नीडलवाल्यात स्पॉट, नव्यात नाही. रात्रभर ठेवलं, सकाळी नव्यात जीसीलासुद्धा काही नाही, जुन्यात ३४ टक्के. मी मावशींना बोलावून टीएलसी प्लेट दाखवली, म्हटलं मावशी हे तुमच्यामुळे सापडलं, त्या म्हणाल्या, "मग टाकू नका म्हणताय ना?" खरंच टाकू दिल्या नाहीत, "पॅलेडियमच्या नीडल" असं लिहून वेगळ्या बरणीत ठेवल्या.

नंतर शोधल्यावर कळलं की हे आधीच कोणीतरी नीट अभ्यासून ठेवलंय, मॉस्कोच्या अनानिकोव्हांच्या ग्रुपनं २०१९ मध्ये नेमकं ह्याच नीडलवर काम छापलंय, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली वापरलेल्या नीडलचे ओरखडे आणि त्यात अडकलेले धातू, आणि तेवढ्यावर रिअॅक्शन चालते हेसुद्धा. अॅक्वा रेजियानं नीडल साफ होतात का तेही मी करून बघितलं, बरंच जातं पण खोल ओरखड्यातलं माझ्याकडे तरी पूर्ण गेलं नाही, दोनदा धुतल्यावरही ब्लँकमध्ये ५-६ टक्के येत राहिलं. त्यामुळे माझं मत असं की कपलिंगच्या स्टडीला नवी नीडल वापरायची, एका नीडलची किंमत ती काय, त्यापेक्षा माझे दोन आठवडे महाग होते.

मग सगळं पहिल्यापासून. तेवीसपैकी कुठल्या रिअॅक्शनला कुठली नीडल होती ते लिहिलेलंच नव्हतं, म्हणून सगळ्या पानांवर लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि तारीख टाकून सही केली. नवीन काच, नवीन नीडल, प्रत्येक सेटबरोबर एक ब्लँक. ९२ च्या जागी ८८ आले. म्हणजे माझे कण काम करत होते! हे ८८ मला त्या ९२ पेक्षा कितीतरी जास्त प्रिय आहेत. आणि एक उलटी गोष्ट दिसली, पॅलेडियम ०.१ वरून ०.०२ मोल टक्क्यांवर आणलं तर वेळ लागला पण काळा गाळ जवळजवळ बसेना. कमी पॅलेडियम म्हणजे कण एकमेकांना भेटण्याची शक्यता कमी. डी व्रीस ह्या केमिस्टनी हेक रिअॅक्शनमध्ये (तीही पॅलेडियमवरचीच) हेच दाखवून त्याला होमिओपॅथिक पॅलेडियम असं म्हटलं होतं, २००३ मध्ये, डोस कमी तर गुण जास्त म्हणून.

आता शेवटचा प्रश्न राहिला, काम करतोय तो कण की कणातून सुटलेलं विरघळलेलं पॅलेडियम. मी गरम गाळणी केली, म्हणजे अर्धी रिअॅक्शन झाल्यावर गरम असतानाच ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून दुसऱ्या तापवलेल्या फ्लास्कमध्ये घ्यायचं, गार होऊ दिलं तर सुटलेलं पॅलेडियम परत कणांवर बसतं आणि फसवा रिझल्ट येतो. गाळलेल्या द्रावणातही रिअॅक्शन पुढे चालूच राहिली. मी लगेच लिहायला बसले की पॅलेडियम सुटतं, तर सरांनी परत थांबवलं, "०.२ मायक्रॉन म्हणजे २०० नॅनोमीटर, तुझा कण ३ चा, तो अडेल का त्या जाळीत?" अडणारच नाही की! कार्बनवर किंवा सिलिकावर बसवलेल्या कॅटॅलिस्टला ही टेस्ट चालते, मोकळ्या तरंगणाऱ्या कणांना नाही, आणि तरी कित्येक ठिकाणी ती तशीच दिलेली असते. पाऱ्याची टेस्ट, म्हणजे पारा टाकून धातूचे कण बंद पाडून बघायचं, ती आमच्याकडे सेफ्टीमुळे करू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. शेवटी थायॉल लावलेली सिलिका टाकून बघितली, ती विरघळलेलं पॅलेडियम धरून ठेवते, आणि रिअॅक्शन जवळजवळ जागच्या जागी थांबली. थायॉल कणाच्या पृष्ठभागालाही थोडं चिकटत असेल, त्यामुळे हा काही पक्का पुरावा नाही, पण गाळ बसणं, कमी डोसचा फायदा आणि हे, तिन्ही एकत्र धरून मी रिपोर्टमध्ये नॅनोकॅटॅलिस्ट हा शब्द खोडला आणि लिहिलं की हे कण म्हणजे पॅलेडियमचा साठा आहे, त्यातून थोडं थोडं सुटतं, काम करतं आणि परत येऊन बसतं. मार्केटिंगवाल्यांना नॅनो शब्द हवा होता, पण सर माझ्या बाजूनं उभे राहिले.

प्रॉडक्टमधलं उरलेलं पॅलेडियम मोजायला सॅम्पल आयसीपीला, म्हणजे अगदी थोडा धातूही मोजणाऱ्या यंत्राला, पाठवलं, ०.०२ वाल्या बॅचमध्ये वर्कअपनंतर ३१ पीपीएम (दहा लाखांत ३१ भाग), चारकोल ट्रीटमेंटनंतर ६. आयसीएच ह्या औषधांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या गाईडलाईनप्रमाणे तोंडानं घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला १०० मायक्रोग्रॅम आहे, दिवसाचा डोस १० ग्रॅम धरला तर १० पीपीएम, आणि आमचं तर इंटरमिजिएट आहे, पुढे अजून दोन क्रिस्टलायझेशन आहेत, त्यामुळे क्वालिटीवाल्या मॅडमनी लगेच सही केली.

पुढच्या आठवड्यात ५० ग्रॅमची बॅच आहे, खऱ्या ब्रोमाइडवर. तिथे नीडल नसते, वरून फिरणारा स्टिरर असतो, पण पॅडल टेफ्लॉनचंच. आमचं जुनं पॅडल मी काल भिंगाखाली धरलं, काठाला करडं आहे. नवं मागवलंय, सोमवारी येईल, मंगळवारी त्यावर आधी ब्लँक लावणार आहे.